औसेकर सरांचे व्हिजिटर

फुकट जेवण आणि चार माणसांत बसायला मिळणं, या दोनच कारणांसाठी शरदचंद्र औसेकर सर वेबसाइट बनवायला शिकायला गेले. वेबसाइट हे तिसरं कारण होतं आणि ते त्यांना तिथे गेल्यावर कळलं.

जाहिरात त्यांना गल्लीतल्या विजेच्या खांबावर दिसली. लातुरातल्या क्लासच्या भागात खांब हे मुळात विजेसाठी नसतातच. पहिल्या आलेल्या पोरांचे फोटो चिकटवायला जागा लागते म्हणून ते उभे केलेले असतात. त्या हुशार चेहऱ्यांच्या गर्दीत एक साधा कागद होता. 'वेबसाइट बनवायला शिका. एक दिवसाचं संमेलन. प्रवेश मोफत. चहा, नाश्ता, जेवण. वयाची अट नाही.' शेवटचं वाक्य सरांनी दोनदा वाचलं. त्या गल्लीत खाणावळीपासून झेरॉक्सपर्यंत जे काही होतं ते सतरा वर्षांच्या मुलांसाठी होतं, आणि सर सत्तरीला टेकले होते.

सर भूगोलाचे निवृत्त शिक्षक. बायको जाऊन चार वर्षं झालेली, मुलगी मनस्विनी बंगळूरला नोकरीत. गल्लीत चारी बाजूंनी चार-चार मजली हॉस्टेलं उठली होती आणि मध्ये सरांचं एकट्याचं पत्र्याचं घर. त्र्याण्णव साली किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा सरांनी शपथ घेतली होती, की पुन्हा डोक्यावर स्लॅब घेणार नाही. गल्लीतल्या सगळ्यांनीच ती घेतली होती. मग क्लास आले, उदगीर-किनवटपासून पोरं डॉक्टर व्हायला आली, आणि बाकीच्यांच्या शपथांवर मजले चढले. जुने शेजारी घरं विकून मुलांकडे निघून गेले. सर आणि पत्रे तेवढे राहिले.

शेजारची जागा रेणापूरच्या श्रीमंतने घेतली होती. त्याने तिथे चार मजले चढवून 'केवळाई बॉईज हॉस्टेल' काढलं. केवळाई म्हणजे त्याची आई, केवळाबाई. आईचं नाव खाली पाटीवर आणि आई वर चौथ्या मजल्यावर, अशी सोय होती. श्रीमंतला सर दिसले की तो एकच प्रश्न विचारी.

"सर, प्लॉटचं काय ठरलं?"

"बघू. अजून ठरलं नाही," सर म्हणत.

खरं तर ठरलेलं होतं. घर विकायचं नाही, हे सरांनी केव्हाच ठरवलं होतं. पण तसं सांगून टाकलं तर श्रीमंत बोलायचाच बंद होईल, आणि दिवसाकाठी सरांशी बोलणारा तो एकच माणूस होता. गल्लीचा व्हॉट्सअॅप ग्रुप होता, पण तिथे सरांनी रोज सकाळी टाकलेल्या सुविचाराखाली कोणीतरी "टँकर आला का?" एवढंच विचारी. बाकी संध्याकाळी अंगणात खुर्च्या टाकायच्या आणि पोरांच्या चपलांचे आवाज ऐकत बसायचं. सरांना फार एकटं वाटे, आणि ते सांगायलाही कोणी नव्हतं.

संमेलन एका कॉलेजच्या हॉलमध्ये होतं. दारातल्या टेबलावर सारख्या टी-शर्टातली मुलं-मुली बसली होती.

"काका, मुलाला सोडायला आलात का?" एका मुलीने विचारलं.

"नाही. मीच आलोय."

"अरे वा!" ती मुलगी म्हणाली, आणि तिला खरंच आनंद झालेला दिसला. तिचं नाव इरा. ती नांदेडहून आली होती आणि रविवार सोडून बाकीचे दिवस एका कंपनीत हेच काम करत होती. तिने सरांच्या गळ्यात नावाचं कार्ड अडकवलं, हातात एक पिशवी दिली आणि त्यांना पहिल्या रांगेत नेऊन बसवलं. इतक्या वर्षांत सरांना कोणी हाताला धरून बसवलं नव्हतं. त्यांनी ठरवलं, आता इथून जेवण झाल्यावरही उठायचं नाही.

इराने सोपं करून सांगितलं. "डोमेन म्हणजे घराचा पत्ता. होस्टिंग म्हणजे प्लॉट. आज तो सगळ्यांना फुकट मिळणार आहे, पण लहान आहे. आणि साइट म्हणजे त्यावर बांधलेलं घर."

सरांनी हात वर केला. "आणि बांधल्यावर घरात कोणी येतं का?"

हॉल हसला. इरा हसली नाही. "येतात ना काका. त्यांना व्हिजिटर म्हणतात. किती जण येऊन गेले ते इथे आकड्यात दिसतं."

सरांनी चष्मा पुसून तो आकडा कुठे दिसतो ती जागा नीट पाहून ठेवली.

प्रत्येकाने एक साइट बनवायची होती. कोणी केकच्या दुकानाची बनवत होतं, कोणी फोटोग्राफीची. सरांना विषय सुचेना.

"जे आठवून तुम्हाला बरं वाटतं ते लिहा," इरा म्हणाली.

सरांनी खूप विचार केला आणि त्यांना एकच गोष्ट आठवली. भूकंपानंतरचे दिवस. धक्के चालू होते, घरात पाय ठेवायची भीती होती, तेव्हा रिक्षावर भोंगा लावून कोणीतरी गल्लीगल्लीतून सांगत गेलं होतं आणि सगळी गल्ली शाळेच्या मैदानावर झोपायला गेली होती. एका चुलीवर सगळ्यांचं पिठलं, एका सतरंजीवर तीन घरांची पोरं. सर एका बोटाने टाइप करू लागले. मथळा म्हणून त्यांनी त्या भोंग्याचंच वाक्य घेतलं: 'घरात कोणी झोपू नये, अंथरूण घेऊन मैदानावर या.' खाली सुरुवात केली: 'लातूरकर बंधू-भगिनींनो, भूकंपाचे धक्के चालू आहेत, जिवाची काळजी घ्या!' आणि मग पुढे, 'असं त्र्याण्णव साली रिक्षावाला ओरडत होता' वगैरे वगैरे, दोन पानं.

आता जे झालं त्यात दोष द्यायचाच तर साच्याला द्यावा लागेल. साइटसाठी मिळालेल्या तयार साच्यांपैकी एकाच साच्यात मराठीची जोडाक्षरं नीट दिसत होती, आणि तो वर्तमानपत्रांसाठी केलेला साचा होता. त्यात मथळा लाल पट्टीत येई, पट्टीवर 'ताजी बातमी' असं आपोआप उमटे आणि खाली आपोआप आजची तारीख पडे. सुरुवातीच्या दोन ओळी दिसत, आणि त्याखाली बारीक निळ्या अक्षरांत 'पुढे वाचा' असं असे. लातुरात पुढे वाचायचं काम पोरांकडे असतं, आणि तीही फक्त बायॉलॉजी वाचतात.

"लाल पट्टी छान दिसते," सर म्हणाले. इराला पलीकडे केकवाल्या बाईंनी हाक मारली होती. तिने घाईत बटण दाबून दिलं आणि सरांची साइट जगात आली. आकडा लगेच उमटला: १.

"आला की एक जण!" सर म्हणाले.

"तो तुम्हीच आहात काका," इरा हळूच म्हणाली.

घरी आल्यावर सरांनी मनस्विनीला लिंक पाठवली. तिने अंगठा पाठवला. मग गल्लीच्या ग्रुपवर टाकली. खाली लगेच "टँकर आला का?" असं आलं. सरांनी सुस्कारा टाकून चहा ठेवला. आधण आलं तेव्हा आकडा चार झाला होता.

चहा गाळेपर्यंत एकोणीस. सरांनी कप खाली ठेवला. साठ. घरात साठ माणसं आली म्हटल्यावर सरांना स्वतःच्या बनियनची लाज वाटली. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला, पुढच्या खोलीतली वर्तमानपत्रं उचलली, केसांवरून कंगवा फिरवला. आकडा चारशेवर गेला तेव्हा त्यांचे डोळे भरून आले. आपल्या पिठल्याची, आपल्या सतरंजीची गोष्ट चारशे लोक वाचतायत! बाहेर जिन्यावरून धडाधड पळण्याचे, भांडी पडल्याचे, कोणाला तरी हाका मारल्याचे आवाज येत होते. वाचनात व्यत्यय नको म्हणून सरांनी खिडकी लावून घेतली.

तेवढ्यात दारावर थापा पडल्या. श्रीमंत होता. खांद्यावर गादी, एका हातात गॅसची शेगडी.

"सर, बाहेर निघा! बसून काय राहिले? भूकंप यायलाय!"

"भूकंप?"

"सगळ्या लातूरला ठावं हाय, अन् तुम्ही शर्ट घालून कुठं निघाले? चला बिगीनं!"

भूकंपाचं भाकीत कोणालाही करता येत नाही, हे औसेकर सरांनी आयुष्यभर नववीच्या वर्गांना शिकवलं होतं. परीक्षेत त्यावर हमखास प्रश्न टाकला होता. त्या क्षणी मात्र त्यांनी भिंतीवरचा बायकोचा फोटो काढला, चपला उलट्या पायांत घातल्या आणि श्रीमंतच्या पुढे पळाले.

मैदान तेच होतं. एरवी तिथे क्लासच्या दुचाक्या लागत, त्या आता पोरांनी बाजूला ढकलल्या होत्या. सगळीकडे गाद्या, बादल्या, मच्छरदाण्या. चार पोरं केवळाबाईंना प्लास्टिकच्या खुर्चीसकट चौथ्या मजल्यावरून उतरवून घेऊन येत होती आणि म्हातारी वरून "हळू रे लेकरांनो, मला न्हाई घाई," म्हणत होती. एका पोराने पुस्तक आणलं होतं, कारण जीव वाचला तर परीक्षा होतीच. पण उद्याची टेस्ट रद्द झाल्याचा मेसेज आला आणि पोरांचा भूकंपावरचा विश्वास एकदम पक्का झाला.

सरांचा फोन वाजला. मनस्विनी होती, आणि ती रडकुंडीला आली होती.

"बाबा, तुम्ही बाहेर आहात ना? इथे ऑफिसातल्या लातूरच्या मुलाने बातमी पाठवली."

"काय आहे बातमी?"

"थांबा, वाचते. 'घरात कोणी झोपू नये, अंथरूण घेऊन मैदानावर या.' आजचीच तारीख आहे बाबा, लाल पट्टीत आहे."

सर कोणाच्या तरी गादीच्या वळकटीवर मटकन बसले. 

"मने," त्यांनी विचारलं, "मघाशी मी एक लिंक पाठवली होती. तू अंगठा दिलास."

"हो बाबा, छान होती."

"उघडली होतीस?"

फोनवर शांतता पसरली. सरांना भूकंपापेक्षा त्या शांततेचा धक्का जास्त बसला.

आता हे थांबवायला हवं होतं. सर उठले, तेवढ्यात पोलिसांची जीप आली आणि भोंग्यातून सांगू लागली, "अफवांवर विश्वास ठेवू नका, आपापल्या घरी जा." जीप पाहून शेजारच्या गल्लीतले लोकही गाद्या घेऊन बाहेर पडले, काही नसतं तर पोलीस कशाला आले असते? सर जीपकडे निघाले, तर पुन्हा फोन. या वेळी इरा.

"काका! एवढी माणसं आली, की तुमची साइट पडली!" बिचारीला भूकंपाचं काहीच माहीत नव्हतं. ती नांदेडच्या गाडीत बसली होती.

"साइट पडली?" सर ओरडले. "साइट पडली म्हणजे काय?"

हे वाक्य शेजारी गादी अंथरणाऱ्या श्रीमंतने ऐकलं आणि त्याच्या हातातली गादी गळाली. श्रीमंतचं दुसरं हॉस्टेल औसा रोडला चढत होतं, आणि लातुरात साइट म्हटलं की एकच अर्थ असतो.

"कोणती साइट पडली सर? औसा रोडची? माझी तर न्हाई ना?"

"अहो, तुमची नाही, माझी पडली!"

"तुमची कुठं साइट हाय? उगी मन राखू नका! माझीच पडली!" श्रीमंतने कपाळावर हात मारून घेतला. वॉचमनचा फोन लागेना, कारण वॉचमनही कुठल्यातरी मैदानात होता. श्रीमंत गाडीला किक मारत ओरडला, "सर, आईकडं ध्यान ठेवा, मी बघून येतो!" आणि तो फाटकातून बाहेर पडायच्या आत, औसा रोडला चार मजली साइट पडली, ही बातमी मैदानाच्या दुसऱ्या टोकाला पोचली होती. जे दोन-तीन जण घरी परतायला निघाले होते त्यांनी पुन्हा अंथरुणं पसरली.

सर केवळाबाईंच्या खुर्चीजवळ येऊन बसले. म्हातारी शांत होती. जरा खुशीतच होती म्हटलं तरी चालेल.

"ते पत्र्याचं घर तुमचंच न्हव?" तिने विचारलं.

"हो."

"वरून दिसतंय मला. गुडघ्यानं जिना उतरवत न्हाई, मग काय करावं, बघत बसते. तुम्ही सांजच्याला अंगणात दोन खुर्च्या टाकता अन् एकीवरच बसता."

 दुसरी खुर्ची ते सवयीने टाकत.

"मला वाटायचं, कोणतरी येणार असंल," केवळाबाई म्हणाल्या. "मग मी बी वाट बघून राहायची, कोण येतंय म्हणून. दोन वरीस झालं. कोणीच येईना की हो."

 दोन वर्षं ते समजत होते, की आपल्याकडे कोणी पाहत नाही.

पोरांनी शेगडी पेटवली होती. केवळाबाईंनी खुर्चीतूनच हुकूम सोडून पिठलं करवलं, आणि जेवताना एका पोराने विचारलं, "सर, तो पैला भूकंप झाला तवा तुम्ही होते का?" ही सगळी पोरं त्यानंतर जन्मलेली. सर सांगू लागले, केवळाबाई मधूनमधून भर घालू लागल्या, आणि वाटोळं कोंडाळं जमलं. दोन पानं सरांनी टाइप केली होती, ती त्यांनी आता तोंडाने सांगितली. "तिकडे किल्लारीकडे गावंच्या गावं गेली," ते शेवटी म्हणाले, "आणि मला मात्र ते दिवस चांगले आठवतात, सगळे एकत्र होतो म्हणून. याची लाजही वाटते."

 हीच वेळ आहे, असं सरांना वाटलं. खरं सांगितलं तर हे कोंडाळं उठून जाईल, गादी गुंडाळेल, उद्यापासून श्रीमंतही बोलायचा नाही. सरांना उठवेना. पण एका कोपऱ्यात कोणाचं तरी बाळ रडत होतं, त्याची आई पुन्हा पुन्हा जमिनीला हात लावून बघत होती. ते पाहून सर उभे राहिले.

"ऐका. भूकंप येणार नाही. ती बातमी मी लिहिली आहे. ती वेबसाइट माझी आहे."

 मैदान खदखदून हसलं.

"सर, तुम्हाला ग्रुपवरचा टँकरचा फोटो उघडता येत न्हाई, वेबसाइट कुठली काढता!" एक पोरगा म्हणाला.

"खरंच सांगतोय! हे बघा." सरांनी फोन पुढे केला. साइट पडलेली होती. स्क्रीन कोरी.

"बघा," मागून कोणीतरी म्हणालं, "सरकारनं बंद केली. म्हणजे नक्की हाय."

तेवढ्यात श्रीमंत परत आला. साइट जागेवर उभी होती. तो सरांच्या शेजारी धपकन बसला, काय चाललंय ते त्याने ऐकून घेतलं आणि सरांच्या पाठीवर हात ठेवला. "लेकरं भिऊन राहिली म्हणून सर सोताच्या अंगावर घेऊन राहिले. खोटं बोलायला बी काळीज लागतं. लई मोठा माणूस हाय!"

सरांनी आयुष्यात पहिल्यांदा एवढी मोठी चूक कबूल केली होती, आणि तिच्यासाठी टाळ्या पडल्या. ते मुकाट्याने बसले. बाळाच्या आईला मात्र त्यांनी जवळ बोलावून नववीचा तो धडा अगदी सावकाश समजावून सांगितला. तिला पटला की नाही कोण जाणे, पण बाळ झोपलं.

सकाळी सगळे गाद्या घेऊन आपापल्या मजल्यांवर गेले. रद्द झालेली टेस्ट दुसऱ्या दिवशी घेतली. ग्रुपवर "टँकर आला का?" सुरू झालं. साइटही परत उभी राहिली. सरांनी इराला फोन करून मथळा बदलून घेतला, 'ताजी बातमी' काढून टाकायला लावलं, आणि इराने आकडा पुन्हा शून्यापासून लावून दिला. मनस्विनीने यावेळी ती उघडली आणि पूर्ण वाचली, फोन करून थोडी रडलीही. म्हणजे तिचा एक आणि स्वतः सरांचा एक, मिळून दोन. पुढे आठवडाभर आकडा तिथेच राहिला.

रविवारी संध्याकाळी सर अंगणात खुर्च्या टाकत होते. वर पाहावं की नाही, या विचारात होते. फाटक वाजलं. श्रीमंत आत आला, आणि त्याने तोंड उघडायच्या आत सर सवयीने म्हणाले, "अजून काही ठरलं नाही रे."

"प्लॉटचं न्हाई सर." श्रीमंतने मान खाजवली. त्याला कसं विचारावं ते कळत नव्हतं. "त्या दिवसापासून आईनं नुसता जीव खाल्लाय. चार पोरं खुर्ची उचलायला तयार बी हायत. ती बातमी तुम्हीच लिहिली म्हणता, म्हणून तिनं विचारून यायला सांगितलं." तो थांबला. "आज भूकंप हाय का?"

सरांनी दुसऱ्या खुर्चीवरची धूळ पंच्याने पुसली.

"हाय म्हणावं," ते म्हणाले. "खुर्ची टाकलीय."